लोखंडाच्या तुकड्या

आमच्या शिवडीची हवा लोखंडाला मानवत नाही. खाडी इतकी जवळ, की रंग लावून दोन पावसाळे जात नाहीत तोच गॅलरीच्या ग्रिलला पापुद्रे सुटतात. मागच्या मे महिन्यात ग्रिलचा खालचा आडवा गज चक्क हातात आला, म्हणून नाक्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याला बोलावलं. तिशीच्या आतला मुलगा. त्याने मशीन जिन्याजवळ ठेवलं, डोळ्यांसमोर काळी काच धरली, "बाई, इकडे बघू नका" असं मलाच दटावलं आणि अर्ध्या तासात काम उरकलं. जाताना मात्र काड्यांचं उघडं पाकीट विसरून गेला.

पस्तीस वर्षं शाळेत इतिहास आणि मराठी शिकवल्यामुळे मला एक खोड लागली आहे. छापलेला कागद दिसला की वाचायचाच, मग तो भेळेचा का असेना. त्या पाकिटावर काडीची दोन नावं होती. एक 'ई ६०१३' आणि दुसरं 'ईआर ४२११'. एकाच काडीला दोन नावं कशाला? आपल्याकडे एक नाव घरचं आणि एक शाळेच्या दाखल्यावरचं असतं, तसं काही असेल का? फॅब्रिकेशनवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "बाई, तेरा नंबर मागायची, दुकानदार देतो." त्याचं एवढ्यावर भागत होतं. माझं भागेना.

मग मला माझा एक जुना विद्यार्थी आठवला. दहावीनंतर तो आयटीआयला गेला, वेल्डर झाला, आखातात काही वर्षं काढली आणि पुढे वेल्डिंग इन्स्पेक्टर झाला. शाळेत असताना तो 'ड' तुकडीत होता. त्याला त्या तुकडीत घालणाऱ्यांत मीही होते. त्याविषयी पुढे येईलच. फोन केल्यावर तो रविवारी घरी आला, चहा घेतला आणि पाकीट हातात घेऊन म्हणाला, "बाई, हा तर पहिलीचा धडा आहे." पुढचे तीन-चार रविवार मी विद्यार्थिनी होते. त्याने सांगितलं ते आणि मागाहून मी वाचलं ते, दोन्ही इथे लिहिते आहे.

'ई' म्हणजे इलेक्ट्रोड, आपली काडी. ६० म्हणजे या काडीने घातलेला जोड एका चौरस इंचावर निदान साठ हजार पौंडांचा ताण सहन करणार. पुढचा १ सांगतो, की ही काडी आडव्या, उभ्या, डोक्यावरच्या अशा सगळ्या स्थितींत चालते. शेवटचा ३ तिच्यावरच्या लेपाची आणि तिला लागणाऱ्या करंटची जात सांगतो. ही अमेरिकन वेल्डिंग सोसायटीची पद्धत. काड्यांचं हे वर्गीकरण तिकडे १९४० च्या सुमारास रुळलं. 'ईआर ४२११' हे आपल्या भारतीय प्रमाणकाचं, आयएस ८१४ चं नाव. त्यातला 'आर' म्हणजे रुटाइल, टायटॅनियमचं एक खनिज. केरळच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत ते सापडतं. ४ हा आकडा पुन्हा ताकदीचाच, फक्त पौंडांऐवजी मेट्रिक मापातला, म्हणजे ४१० ते ५१० मेगापास्कल. बाकीचे आकडे जोड किती ताणला जाईल, काडी कुठल्या स्थितीत चालेल आणि करंट कोणता लागेल ते सांगतात. म्हणजे दोन्ही नावं एकच गोष्ट सांगतात, फक्त दोन भाषांत. आपल्या नावागावात इतकी माहिती कुठे असते!

इथपर्यंत गंमत होती. पण हे आकडे लिहून ठेवायची गरज का पडली असेल, हा प्रश्न इतिहासाच्या शिक्षिकेला पडणारच.

आमच्या गिरणगावात बॉयलर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. भोंगा वाजायचा तो त्याच्याच वाफेवर. ते जुने बॉयलर रिव्हेट ठोकून केलेले असायचे. पत्र्यावर पत्रा ठेवायचा, भोकं पाडायची, तापवून लाल केलेला रिव्हेट घालायचा आणि दोन्हीकडून ठोकायचा. जोड डोळ्यांना दिसायचा, रिव्हेट मोजता यायचे. तरीही बॉयलर फुटत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात ब्रॉकटन नावाचं बुटांच्या कारखान्यांचं गाव आहे. तिथल्या ग्रोव्हर बूट कारखान्याचा एक जुना बॉयलर २० मार्च १९०५ च्या सकाळी फुटला, छप्पर फोडून वर गेला. लाकडी इमारत खाली आली आणि पेटली. ५८ माणसं गेली. १९०७ मध्ये त्या राज्याने बॉयलरचा कायदा केला. पण शेजारच्या राज्यांचे नियम वेगळे, म्हणजे बॉयलर बनवणाऱ्याने करायचं काय? शेवटी तिथल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेने १९११ मध्ये समिती नेमली आणि १९१५ मध्ये ११४ पानांचं एक पुस्तक छापलं. तोच एएसएमईचा बॉयलर कोड. आपल्याकडे बॉयलरचा देशभराचा कायदा १९२३ चा आणि त्याखालची नियमावली १९५० ची. २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली, पण वेल्डरने परीक्षा देऊनच बॉयलरला हात लावायचा ही रीत जुनी आहे.

त्या ११४ पानांच्या पुस्तकाचा वेल्डिंगवर फारसा विश्वास नव्हता, आणि नसावा हेच बरोबर. रिव्हेट मोजता येतो. वेल्डिंगच्या आत काय झालं ते वरून दिसत नाही. सुरुवातीला तर उघडी तारच वापरत. वितळलेलं लोखंड हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन खाऊन घ्यायचं आणि जोड बिस्किटासारखा ठिसूळ व्हायचा. ऑस्कर शेलबर्ग नावाच्या एका स्वीडिश जहाज-इंजिनिअरला बोटींच्या गळक्या बॉयलरचा अनुभव होता. त्याने तारेला लेप दिला. तो लेप जळताना धुराचं पांघरूण घालतो आणि जोडावर राखेची खपली धरतो. ही खपली म्हणजेच फॅब्रिकेशनवाला हातोडीने टकटक करून उडवतो तो स्लॅग. शेलबर्गने १९०४ मध्ये काढलेली कंपनी म्हणजे एसाब. आपल्याकडे भांडुपला अडवाणी-ओरलिकॉनने १९५१ पासून काड्या करायला घेतल्या. लेप आला म्हणून लेपाच्या जाती आल्या, आणि जाती आल्या म्हणून आकडे आले.

आता खरा गुंता. दोन्ही बाजूंचं लोखंड कुठलं, हाही प्रश्न आहेच. आपण सरसकट लोखंड म्हणतो, पण नियमपुस्तकांत पोलादाचे शेकडो प्रकार आहेत. कोडची अट अशी, की जोड घालायची पद्धत आधी तुकड्यावर करून दाखवायची, तो तुकडा ओढून तोडायचा, वाकवायचा, आणि निभावला तरच ती पद्धत कामावर वापरायची. समजा पोलादं दहाच आहेत. प्रत्येकाचा स्वतःशी आणि दुसऱ्याशी असे जोड धरले तर ५५ होतात. पन्नास पोलादं असतील तर १२७५. (हा हिशेब मी वहीत दोनदा केला. गणिताच्या बाई हयात असत्या तर त्यांना दाखवला असता.) एवढ्या परीक्षा कोण घेणार? म्हणून कोडच्या नवव्या भागाने, म्हणजे 'सेक्शन नाइन'ने, धातूंचे गट पाडले. त्यांना 'पी नंबर' म्हणतात. साधं कार्बन पोलाद 'पी १'. थोडं मॉलिब्डेनम घातलेलं 'पी ३', त्यात एक-सव्वा टक्का क्रोमियम आलं की 'पी ४', आणखी वाढलं की 'पी ५'. आपल्या स्वयंपाकघरातल्या चांगल्या स्टेनलेस भांड्याचं पोलाद 'पी ८'. ॲल्युमिनियम २१ च्या पुढे, तांबं ३१ च्या पुढे, निकेल ४१ च्या पुढे. एका गटातल्या एका पोलादावर पद्धत पास झाली की त्या गटातल्या बाकीच्यांवर, काही अटी पाळून, चालते.

मी विचारलं, "म्हणजे आपल्या तुकड्यांसारखंच की. अ, ब, क, ड."

तो हसला आणि म्हणाला, "नाही बाई. तुमच्या तुकड्या मार्कांवर होत्या. इथे 'पी १' हुशार आणि 'पी ८' ढ असं नसतं. जोड घालताना कोण कसं वागतं, एवढंच बघतात. तापवल्यावर कडक होतं का, तडकतं का, आधी ऊब द्यावी लागते का."

तो सहज बोलला होता. मला मात्र चहा कडू लागला. आमच्या शाळेत आठवीच्या सुरुवातीला सातवीच्या एकूण गुणांवर तुकड्या पाडत. एकच आकडा, एकदाच काढलेला. कोण चित्रं काढतो, कोणाला तोंडी येतं पण लिहिता येत नाही, कोण संध्याकाळी बापाचा डबा घेऊन दारूखान्यात जातो, याचा त्या आकड्यात कुठेच पत्ता नसायचा. यादी करायला आम्ही चार शिक्षक बसायचो आणि दुपारच्या आत उठायचो. कोडवाल्यांनी लोखंडाचा जेवढा विचार केला, तेवढा आम्ही पोरांचा केला नाही, हे लिहायला मला जड जातं आहे, पण ते खरं आहे.

आणि कोडवाल्यांनीही तो पहिल्या फटक्यात केलेला नाही, हेही सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने मालवाहू बोटी पावाच्या भट्टीतून पाव काढावेत तशा काढल्या. नुसत्या लिबर्टी जातीच्याच २७१०. वेळ वाचावा म्हणून रिव्हेट सोडून त्या वेल्ड केल्या. १६ जानेवारी १९४३ च्या रात्री पोर्टलंडच्या गोदीत 'शेनेक्टडी' नावाची कोरी तेलवाहू बोट, वादळ नाही, लाट नाही, नुसती बांधून ठेवलेली असताना मोठा आवाज होऊन मधोमध तडकली. बाकीच्याही कितीतरी बोटींना तडे गेले, काही तर समुद्रातच दुभंगल्या. सगळ्यांनी बोट दाखवलं ते वेल्डिंगकडे. केंब्रिजला कॉन्स्टन्स टिपर नावाच्या बाईंनी तपास करून दाखवलं, की खरा दोष पोलादाचा आहे. खोलीच्या ऊबेत दणकट असलेलं ते पोलाद थंडीत काचेसारखं वागत होतं. रिव्हेटच्या बोटीत तडा एका पत्र्याच्या काठाशी थांबायचा. वेल्ड केलेली बोट म्हणजे एकच अखंड पत्रा, तडा धावत सुटला की धावतच राहायचा. डेकवरच्या दारांचे चौकोनी कोपरे तर तड्याला आमंत्रणच होतं.

यातून दोन गोष्टी झाल्या. जहाजाच्या पोलादाला थंडीत घण मारून बघण्याची परीक्षा आली आणि त्यावरून ए, बी, डी, ई अशा प्रती ठरल्या. आणि बॉयलर कोडमध्ये 'पी नंबर'च्या पोटात आणखी 'ग्रुप नंबर' आले. साध्या कामाला 'पी १' एवढं पुरतं; थंडीत धक्का सोसायचा असेल तर 'पी १ मधला कुठला ग्रुप' हे विचारावं लागतं. शिवाय कोडमध्ये स्पष्ट ताकीद आहे, की नंबर एक आहे म्हणून एका पोलादाच्या जागी दुसरं डोळे मिटून घालायचं नाही. गट हा परीक्षा वाचवण्यासाठी आहे, विचार वाचवण्यासाठी नाही. गट बदलतातही. वीजकेंद्रांच्या नळ्यांना वापरतात ते नऊ टक्के क्रोमियमचं एक पोलाद आधी 'पी ५' मध्ये होतं. उष्णतेच्या बाबतीत ते इतकं नाजूक निघालं, की त्याला तिथून काढून 'पी १५ ई' असं वेगळं बसवलं. आमच्या शाळेत 'ड'मधून 'अ'मध्ये गेलेलं मूल मला तरी आठवत नाही.

आपल्याकडची एक जुनी गोष्टही यातलीच. बांधकामाच्या पोलादाची आपल्याकडे पूर्वी दोन प्रमाणकं होती, २२६ आणि २०६२. पहिलं सर्वसाधारण कामाचं, दुसरं खास वेल्डिंगसाठीचं. सगळं जग रिव्हेटकडून वेल्डिंगकडे सरकलं, तेव्हा हा भेद ठेवण्यात अर्थ उरला नाही आणि १९९० नंतर २२६ हे २०६२ मध्येच विरून गेलं. आता २०६२ च्या साध्या प्रतीतही कार्बन आणि त्याच्यासारखे वागणारे बाकीचे घटक मिळून किती असावेत याला मर्यादा आहे. त्या बेरजेला 'कार्बन इक्विव्हॅलंट' म्हणतात. मँगनीज असेल तितकं त्याचा सहावा हिस्सा, क्रोमियम, मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियमचा पाचवा, निकेल आणि तांब्याचा पंधरावा, हे सगळं कार्बनमध्ये मिळवायचं. बेरीज जितकी मोठी तितका जोड तडकण्याचा धोका मोठा. साध्या प्रतीला ०.४२ च्या वर जायची परवानगी नाही.

आता दारूखान्याकडे येते, कारण माझ्या इन्स्पेक्टरची मुळं तिथली. दारूखाना म्हटल्यावर बाहेरगावचे पाहुणे हसतात. ही बंदुकीची दारू. तिच्या कारखान्यावरून नाव पडलं. रे रोडच्या पूर्वेला, शिवडीच्या अलीकडे, भरतीच्या पाण्याने बोटी चिखलात ओढून आणायच्या आणि गॅसने कापायच्या, हा तिथला पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. त्याचे वडील गॅस कटर होते. बोटीच्या पत्र्यावर बांधणाऱ्याने उमटवलेली प्रत कधीकधी शिल्लक असायची, पण कापणाऱ्याला तिच्याशी कर्तव्य नसे. पत्रा वजनावर जायचा. कापलेल्या पट्ट्या पुढे रोलिंगवाल्याकडे जायच्या. न वितळवता, नुसत्या तापवून त्यांच्या सळ्या निघायच्या. त्या क्षणी त्या लोखंडाचं नाव, गाव, प्रत सगळं पुसलं जायचं. कोडच्या दृष्टीने ज्याचा कागद नाही ते लोखंड कुठल्याच 'पी नंबर'चं नाही. ते चांगलं असेलही, पण रासायनिक तपासणी करून ते सिद्ध करेपर्यंत त्याला दाराबाहेरच उभं राहायचं.

"पण बाबांना कळायचं," तो म्हणाला. "ठिणगीवरून आणि कापण्यावरून. साधं पोलाद ऑक्सिजनमध्ये जळत जातं, रेषेत कापलं जातं. स्टेनलेस कापतच नाही, नुसतं वितळून लोंबतं. बिडाचं अर्धवट फुटतं. बाबा पत्र्याला ज्वाला लावली की सांगायचे, हा आपला, हा परका." म्हणजे वागण्यावरून गट पाडणं त्यांनाही येत होतं. फक्त ते कोणी लिहून घेतलं नाही. जुन्या रंगांचा आणि गॅसचा धूर छातीत गेला तो गेलाच. शेवटची दोन वर्षं टी. बी. हॉस्पिटलच्या फेऱ्यांत गेली. तेव्हा हा मुलगा नववीत होता, आणि 'लक्ष नसतं' असा शेरा मी त्याच्या प्रगतिपुस्तकात लिहिला होता.

मे २०१४ मध्ये आपली जुनी 'विक्रांत' या दारूखान्यात आली. तिची बांधणी इंग्लंडमध्ये ऑक्टोबर १९४३ मध्ये सुरू झाली होती, म्हणजे शेनेक्टडी तडकली त्याच वर्षी. १९६१ मध्ये ती आपल्या नौदलात आली, १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात लढली, १९९७ मध्ये निवृत्त झाली आणि २०१२ पर्यंत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. मुलांना घेऊन मी ती पाहायला गेले होते. न्यायालयातली लढाई संपल्यावर नोव्हेंबर २०१४ मध्ये तिला कापायला घेतलं. तिच्या काही पोलादाचं नशीब थोर. एका मोटारसायकल कंपनीने ते विकत घेऊन वितळवलं आणि २०१६ मध्ये 'व्ही' नावाच्या गाडीच्या टाकीत घातलं. बाकीचं कुठे कुठे गेलं असेल, कोण जाणे.

नवी 'विक्रांत' २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत दाखल झाली. तिच्यासाठीचं पोलाद आधी रशियाकडून यायचं होतं. ते जमेना, तेव्हा हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने 'डीएमआर २४९ ए' हे पोलाद बनवलं आणि 'सेल'ने ते तयार केलं. इन्स्पेक्टरने इथे बोट वर केलं. "बाई, पेपरात पोलादाचं नाव आलं. काडीचं आलं नाही. नवं पोलाद केलं की त्याला जुळणारी काडी नव्याने करावी लागते. ती नसेल तर पोलादाचे नुसते पत्रे राहतात, बोट होत नाही."

काडी पोलादासारखीच हवी असं मात्र नाही, आणि मला हा भाग सगळ्यात आवडला. ३०४ जातीचं स्टेनलेस जोडायला ३०८ ची काडी घेतात. तिच्यात क्रोमियम-निकेल जरा जास्त असतं, त्यामुळे जोड थिजताना तडकत नाही. स्टेनलेसला साधं पोलाद जोडायचं तर ३०९ ची. म्हणून कोड भरणीच्या धातूला दोन वेगळे नंबर देतो. 'एफ नंबर' सांगतो, की ही काडी वेल्डरच्या हाताला कशी लागते. आपली ६०१३ 'एफ २', पाइपलाइनवाल्यांची खोल शिरणारी ६०१० 'एफ ३', कमी हायड्रोजनवाली ७०१८ 'एफ ४'. 'ए नंबर' सांगतो, की काडी जळून गेल्यावर जोडात कुठला धातू उरणार. ७०१८ आणि क्रोमियमवाली ८०१८ या दोन्ही हाताला सारख्याच, दोन्ही 'एफ ४'. पण मागे उरणारा धातू वेगळा, म्हणून एकीचा 'ए १', दुसरीचा 'ए ३'. वेल्डरच्या परीक्षेत 'एफ' बघायचा, पद्धतीच्या परीक्षेत 'ए' सुद्धा. तीन प्रश्न, तीन याद्या: काय जोडायचं आहे, हाताला कसं लागतं, मागे काय राहतं. एका यादीत तिन्ही कोंबायचा मोह त्यांनी टाळला आहे.

७०१८ ची आणखी एक खोड आहे, मुंबईकरांना कळेल अशी. तिच्या लेपाने दमट हवा पिऊन घेतली की जळताना त्यातला हायड्रोजन जोडात शिरतो आणि काम संपून माणसं घरी गेल्यावर, कधी दुसऱ्या दिवशी, जोड आतून तडकतो. म्हणून ती काडी आधी ३०० अंशांच्या आसपास भाजायची आणि कामावर तापत्या डब्यातून एकेक काढून वापरायची. शिवडीतल्या जुलैत हे किती जणांकडून होत असेल? ग्रिलवाले ६०१३ वापरतात त्यामागे हेही कारण आहे. ती बिचारी ओल सोसते. पण टाकीला, पुलाला ती चालत नाही. आमच्या दारातून सुटणारा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ ला खुला झाला. २१.८ किलोमीटरच्या त्या पुलावर जिथे खांब लांब लांब आहेत, तिथे काँक्रीटऐवजी आतून फासळ्या जोडलेला पोलादी डेक आहे, १८० मीटरपर्यंतच्या गाळ्यांचा. असा डेक म्हणजे वेल्डिंगच वेल्डिंग. गॅलरीतून फ्लेमिंगो बघता बघता मी आता त्या पुलाकडेही बघते.

वेल्डरची परीक्षा सांगायची राहिली. सगळ्यात अवघड ती 'सिक्स जी'. पाइप ४५ अंशांत तिरका पक्का बसवायचा आणि माणसाने त्याच्याभोवती फिरून, वाकून, निजून जोड घालायचा. त्यात पास झाला तो सगळ्या स्थितींत पास. पण एक अट आहे. त्या प्रक्रियेने सहा महिने काम केलं नाही तर पात्रता जाते, पुन्हा परीक्षा. मी बी.एड. एकदाच झाले आणि पस्तीस वर्षं ते पुरलं.

पाकीट न्यायला फॅब्रिकेशनवाला आला तो नेमका रविवार होता आणि इन्स्पेक्टर चहा पीत बसला होता. त्याने ग्रिलचा जोड बघितला, नखाने खरवडला. म्हणाला, "हात चांगला आहे. करंट थोडा जास्त ठेवलास, कड खाल्लीय." मुलगा आधी घुश्शात होता, मग नरमला. अशी परीक्षा असते हे त्याला ठाऊक नव्हतं. "मराठीत असते का?" त्याने विचारलं.

"पत्र्यावर असते. कागद मी भरून देतो. पुढच्या रविवारी दहा मिलीचे दोन तुकडे घेऊन ये, कडा घासून. आणि पत्रा घेताना दुकानदाराकडे सर्टिफिकेट माग, कुठल्या प्रतीचा आहे त्याचं."

"तो देणार नाही साहेब."

"नाही देणार. तरी माग."